पाद्री किती सरकला

२३ जून

किल्ली फिरेना! तेल घातलं, शिव्या घातल्या, शेवटी खांदा लावला तेव्हा निवाऱ्याचं दार उघडलं. आत आठ महिन्यांचा गारठा आणि उंदरांच्या लेंड्या. झाला हंगाम सुरू.

बावीस वर्षांत पहिल्यांदाच बाबा बरोबर नाहीत. त्यांच्या गुडघ्यांनी मार्चमध्ये हात टेकले. खाली गावात खिडकीशी बसून ढगांना नावं ठेवत असतील. निघताना एवढंच म्हणाले, ‘ओढा जपून ओलांड, अफ्रा.’ ओलांडायला आता आहे काय? गेल्या ऑगस्टच्या पुराने लाकडी पूल नेला. येणाऱ्याला दोन तासांचा वळसा. निवारा गिर्यारोहण क्लबचा, आणि क्लबने स्पष्ट सांगितलंय – नवा झुलता पूल झाला तर पुढच्या उन्हाळ्यात निवारा चालू, नाहीतर कुलूप.

पूल होईल. पलीकडचं टोक कड्यात, अलीकडचं पाद्रीत. एप्रिलच्या सभेत ठरलंच ते. अध्यक्ष म्हणाले, ‘पाद्रीसारखा भक्कम धोंडा अख्ख्या दरीत नाही, कासियानला विचारा!’ सगळे बाबांकडे वळले. बाबा काही बोलले नाहीत. ते गप्प बसले म्हणजे हो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

२९ जून

आज अकरा जणांनी विचारलं, ओढ्याचं पाणी दुधासारखं का? खडकाचं पीठ आहे ते, म्हटलं, वरच्या हिमनदीच्या बर्फाने दळलेलं. एक बाई म्हणाली, ‘मग सकाळी कसं स्वच्छ होतं?’ हा प्रश्न आवडला. म्हटलं, रात्री गारठ्यात जातं बंद असतं.

तिला बार्लीचं सूप एक डाव जास्त वाढलं.

७ जुलै

पुलाच्या इंजिनीअर लाडुर्नर बाईंचा निरोप – दोन्ही टोकांमधलं अंतर मोजून पाठवा, कच्च्या आराखड्याला हवंय. नेमकं त्या सप्टेंबरात येऊन मोजतील. क्विरिनला हाताशी घेतलं. वाटा सांभाळतो, पाट्या रंगवतो, आणि शाळेपासून माझं डोकं खातो. तो कंबरेला दोर बांधून कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेला, ओरडत. पोलादी टेप ताणली. त्याचं टोक कड्यातल्या जुन्या खिळ्याला, माझं पाद्रीच्या छातीवरच्या लाल फुलीला.

साठ मीटर आठ सेंटिमीटर.

बाबांच्या वहीत, अठ्ठ्याण्णव साली, त्याच खिळ्यापासून त्याच फुलीपर्यंत – एकसष्ट मीटर चाळीस!

‘दरी बारीक झाली,’ क्विरिन म्हणाला. ‘तुझ्या स्वयंपाकाचा परिणाम.’

८ जुलै

पुन्हा मोजलं. पहाटे, वारा नसताना, टेप कडक ताणून. साठ आठ.

टेप बदलली. साठ आठ.

पोलाद थंडीत आकसतं, पण केसभर. इथे एक मीटर बत्तीस गायब आहे! नऊ वर्षांची पोर आडवी झोपेल एवढं. कुठे गेलं?

११ जुलै

फोनला रेंज फक्त झेंड्याच्या काठीखाली. बाबांना विचारलं.

‘टेप ढिली धरली असशील.’

‘बाबा, ढिल्या टेपने अंतर वाढतं, कमी होत नाही.’

मग म्हणाले, ‘बटाटे पाठवलेत मालाच्या रोपवेने. मोड काढून ठेव.’ आणि फोन ठेवला.

ज्या माणसाने चव्वेचाळीस वर्षं दर सप्टेंबरात हिमनदीची कड मोजली, सेंटिमीटरवरून क्लबशी भांडण काढलं, त्याला सव्वा मीटरचं काही वाटू नये? कमाल आहे.

२० जुलै

पाऊस. निवाऱ्यात सदतीस ओले मोजे आणि चार उपासमार झालेले डच.

२७ जुलै

डोक्यातला भुंगा जाईना. तीन शक्यता. एक – बाबा चुकले. (नाही.) दोन – पलीकडचा कडा पुढे आला. तिकडे जाऊन पाहिलं. अखंड खडक, एक चीर नाही. तीन – पाद्री.

पण पाद्री म्हणजे घराएवढा धोंडा! काळा, वर डोकं, खाली झग्यासारखा पसरलेला. बर्फाने कधीकाळी वरच्या कड्यावरून उचलून आणला आणि खाली ठेवून मागे गेलं. आमच्या लहानपणी त्याच्यापुढे उभं राहून आम्ही खोटी पापं कबूल करायचो.

आज दुपारी त्याच्या झग्याखालून पाणी झिरपताना दिसलं. बारीक, करंगळीएवढं. आठवडाभर पाऊस नाही. वर झरा नाही. मग पाणी कुठलं? स्वयंपाकघरातलं मांस भाजायचं थर्मामीटर घेऊन गेले, ओणवी झाले, खुपसलं. वाटेने जाणारं एक जर्मन जोडपं थांबून बघत होतं. नवरा म्हणाला, ‘शिजलाय का?’

शून्य अंश आणि वर तीन दशांश.

निवाऱ्यामागचा झरा मोजला – साडेचार. ओढा – दीड. पाद्रीखालचं पाणी दरीतल्या सगळ्या पाण्यांत थंड. म्हणजे ते दूरवरून येत नाहीये. तिथेच कशाचं तरी होतंय.

३० जुलै

बर्फ आहे खाली. गाडलेला बर्फ! शोभत नाही मला, इतकी वर्षं इथे राहून. वरचं छोटं तळं असंच झालं ना – मागे जाणाऱ्या हिमनदीचा तुकडा दगडगोट्यांखाली राहून गेला, पांघरुणात निजल्यासारखा, मग वितळला, जमीन खचली, तळं झालं. मी स्वतःच सांगते हे लोकांना, पॅनकेक वाढता वाढता. आणि पाद्रीखालीही तेच असेल, हे डोक्यात आलं नाही.

बर्फ विरघळतो, उतार ओढ्याकडे, धोंडा घसरतो. सावकाश. दरी बारीक होत नाहीये. पाद्री चालतोय.

आधी निवारा कशावर उभा आहे ते बघून आले. अखंड खडक. आजोबांनी पाया खोदताना तीन पहारी मोडल्या होत्या. हुश्श.

३१ जुलै

क्विरिनला सांगितलं. म्हणाला, ‘चालू दे की. खाली गावातला पाद्री तर खुर्चीतूनही उठत नाही.’ मग हसणं थांबलं त्याचं. ‘अफ्रे, पूल?’

हो ना. पूल.

४ ऑगस्ट

सापडलं.

चालतोय तर किती, कधीपासून, हे कळायला हवं होतं. पाद्रीच्या मागच्या अंगाला एक गुळगुळीत खडक आहे, मेंढीच्या पाठीसारखा, बर्फाने घासून ओरखडे काढलेला. तो जमिनीचाच, हलणारा नाही. दोघांमध्ये एक माणूस आडवा होऊन शिरेल एवढी फट. शिरले. टॉर्च लावला. पाद्रीच्या अंगावर एक पांढरी शीर आहे, गारगोटीची. विचार केला, तिच्यासमोर खडकावर एक खूण करावी, पुढच्या वर्षी बघावं.

तर तिथे खुणा होत्याच!

खडकावर बारक्या आडव्या रेघा. एकीखाली एक. गुलाबी. नखाने खरवडलं – ऑइलपेंट नव्हे, चकचकीत काहीतरी. वरच्या रेघांशेजारी आकडे. ९८. ९९. मग पुसट. ०३. ०७. पुढचे वाचता येईनात. खाली खडी साचली होती, ती हाताने उपसली. रेघा चालूच. खालच्या जास्त ताज्या, खडीने झाकून राहिल्या म्हणून असेल. सव्वीस मोजल्या. वरच्या बोटभर अंतराने, खालच्या चार-चार बोटं. पहिलीपासून शेवटचीपर्यंत एक मीटर चोवीस. आणि पांढरी शीर शेवटच्या रेघेच्याही आठ सेंटिमीटर पुढे. झाले एक मीटर बत्तीस. झालंच की!

आईचं नेलपॉलिश आहे ते.

हातांना कधी लावलं नाही तिने. भांडी, राख, कणीक, तिथे कुठे टिकणार. पायांना लावायची. संध्याकाळी ओढ्यात पाय सोडून बसायची, दहा गुलाबी नखं दुधाळ पाण्यात. ‘हात निवाऱ्याचे, पाय माझे,’ म्हणायची. नऊ वर्षं झाली ती जाऊन, आणि मी त्या फटीत आडवी पडून रडले. बाहेर कुणीतरी विचारत होतं, शौचालय कुठे आहे.

५ ऑगस्ट

मला आठवतंय ते जेवण. अठ्ठ्याण्णवच. मी पंचवीस वर्षांची. निवारा खच्चून भरलेला, क्लबची माणसं आलेली. आई चीजच्या उंड्यांचं पातेलं घेऊन आली आणि म्हणाली, ‘कासियान, तो पाद्री सरकतोय हं. माझ्या बाकावरून शिखर दिसायचं त्याच्या डोक्याशेजारी, आता अर्धं झाकतं.’

बाबा म्हणाले – मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं – ‘बुर्गी, धोंडे चालत नाहीत. आज कितवा ग्लास तुझा?’

सगळे हसले. मीही हसले. ते लिहितेच इथे, लपवून काय करू – मी सगळ्यात जास्त हसले.

मग तो विनोदच झाला. वर्षानुवर्षं. ‘काय बुर्गी, निघाला का तुझा पाद्री?’ ‘रोमला पोचला का?’ ती पण हसायची, ताट पुढे करायची. आणि दर वर्षी जाऊन एक रेघ मारायची. कुणाला बोलली नाही. किती चिवट बाई! मला वाटायचं माझी ही चौकशीखोर खोड बाबांकडून आली.

१० ऑगस्ट

झेंड्याखालून बाबांना फोन. एका दमात सांगितलं सगळं. थंड पाणी, रेघा, नेलपॉलिश.

मग म्हणाले, ‘खालची खडी काढून बघितलीस?’

‘हो.’

‘सगळी?’

‘सगळी! बाबा, आई बरोबर होती. पूल तिथे टांगता येणार नाही.’

‘इंजिनीअर बाई कधी येतायत?’

‘अठरा सप्टेंबर.’

‘मीच बोलेन तिच्याशी. तू काही कळवू नकोस.’

हे मला अजिबात आवडलेलं नाही. बोलणार म्हणजे काय बोलणार? धोंडे चालत नाहीत, हेच ना! चौऱ्याऐंशीव्या वर्षी कोण स्वतःला खोटं पाडून घेतं, तेही बायकोपुढे हरून. आणि त्यांच्या शब्दापुढे माझं मांसाचं थर्मामीटर कोण बघतो?

२२ ऑगस्ट

क्विरिनने आज वाट अडवली. लाल रंगाचा डबा हातात, बोलायचं बरंच दिवस साठलेलं.

‘वर्षाला आठ सेंटिमीटर, अफ्रे. आपण मरेपर्यंत ओढ्यात पडत नाही तो.’

‘आणि एखाद्या वर्षी ऐंशी सरकला तर? पुलावर तीस माणसं असताना?’

‘आणि निवारा बंद झाला तर? तू काय करशील? खाली जाऊन हॉटेलात चादरी बदलशील? एक वर्ष कुलूप लागलं की लोक दुसरी दरी धरतात. पुन्हा येत नाहीत.’

बरोबर बोलतो तो, हाच तर त्रास आहे. मलाही हवाय पूल. इतका हवाय की काल एक क्षण वाटलं, ती खडी पुन्हा ढकलून द्यावी रेघांवर. एक क्षण नाही. अख्खी दुपार वाटत होतं.

३ सप्टेंबर

गारा. झिरपणारं करंगळीएवढं पाणी आता अंगठ्याएवढं.

९ सप्टेंबर

लाडुर्नर बाईंना पत्र लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं, जपून ठेवलंय. बाबा काही बोलले की त्यांच्यासमोरच देईन. नंतर त्यांनी आयुष्यभर बोलू नये माझ्याशी. चालेल. नाही, चालणार नाही, पण देईन.

१८ सप्टेंबर

आजचं सगळं आठवेल तसं लिहिते.

सकाळी मालाचा रोपवे येताना दिसला. पिंप, पावाच्या लाद्या, कांद्याची पोती, आणि पोत्यांवर बाबा! चांगला कोट घालून, टोपीत पीस खोचून. माणसांना सक्त मनाई आहे त्यात. खालच्या माणसाला काय सांगितलं, विचारलं. ‘म्हटलं, मी कांदा.’

क्विरिनने पाठीवर घेतलं त्यांना. पाद्रीपर्यंत वाटभर भांडत होते दोघं – हळू चाल, जड आहेस म्हाताऱ्या, तुझा बाप बरा होता उचलायला. लाडुर्नर बाई तिथे आधीच पोचलेल्या. बुटकी, उन्हाने भाजलेली बाई, गळ्यात हातोडी. ड्रिल घेऊन दोन माणसं. क्लबचे अध्यक्षही आलेले, वळशाने, लालबुंद होऊन.

अध्यक्ष म्हणाले, ‘बाई, तुम्हाला धोंड्याचा इतिहास हवा होता ना? हा बघा, चालताबोलता. कासियान, सांग यांना.’

माझा हात खिशात, पत्रावर.

बाबा क्विरिनच्या पाठीवरून उतरले. काठीवर रेलले. टोपी काढली. मला वाटलं घाम पुसणार.

‘धोंडा चालतो,’ बाबा म्हणाले. ‘छत्तीस सेंटिमीटर गेल्या पाच वर्षांत. खाली बर्फ आहे. इथे भोक पाडू नका.’

अध्यक्षांचं तोंड उघडंच राहिलं. ‘अरे, पण एप्रिलमध्ये...’

‘एप्रिलमध्ये मी गप्प बसलो. ती चूक माझी. अठ्ठ्याण्णवमध्ये बोललो, ती त्याहून मोठी. तू होतास त्या जेवणाला, लुड्विग. हसला होतास. माझ्या बायकोने सांगितलं होतं हे. बुर्गीने. भर पंगतीत सांगितलं, आणि मी तिला दारुडी ठरवली.’

अध्यक्ष बूट बघत होते.

लाडुर्नर बाई टॉर्च घेऊन फटीत शिरल्या. बराच वेळ आत. बाहेर आल्या तर कोपरं चिखलाने माखलेली, डोळे लहान मुलीसारखे. ‘इतकी सलग नोंद मी एखाद्या धोंड्याची कधी पाहिली नाही. कुणी ठेवली?’

‘आईने,’ मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणणार होते. पण म्हणाले नाहीत.

निकाल असा – पूल चाळीस मीटर वर, अखंड खडकावर. लांब होईल. नवे आराखडे, नवी परवानगी. पुढचा उन्हाळा गेला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, बहुतेक. म्हणजे एक वर्ष कुलूप. क्विरिन डबा आपटून निघून गेला. अर्ध्या तासाने परत आला, कारण बाबांना उचलायला दुसरं कोण?

वाईट वाटायला हवं. वाटतंय. पण मघापासून एक गोष्ट टोचतेय. छत्तीस सेंटिमीटर, गेल्या पाच वर्षांत – हे बाबांना कसं ठाऊक? फोनवर मी एकूण सांगितलं होतं. पाच वर्षांचं वेगळं मी मोजलंच नव्हतं.

१९ सप्टेंबर

मी बर्फ मोजते, पाणी मोजते, पण आईची वर्षं मोजली नाहीत! अठ्ठ्याण्णवपासून ती जाईपर्यंत सप्टेंबर आले सतराच. रेघा सव्वीस.

न्याहारीला बाबांनी कोटाच्या खिशातून बाटली काढून पावाशेजारी ठेवली. गुलाबी, तळाशी गेलेली. ‘सुकते फार,’ म्हणाले. ‘दर वर्षी थोडं स्पिरिट घालावं लागतं. आकडे मी नाही घातले कधी. आकडे तिचे.’

फटीत त्यांना आता शिरता येत नाही. बाहेरून काठी टेकून उभे होते, टॉर्च धरून. सत्ताविसावी मी मारली.